पीटर टॉश: सारखे विचारले जाणारे प्रश्न

टॉशबद्दल बोलायला लागलं की तेच तेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून सगळी उत्तरं एका जागी टाकलीयेत. सुरुवातीचे प्रश्न अगदी नवख्यांसाठी आहेत. बाकीच्यांनी थेट खाली गेलं तरी चालेल.

१. पीटर टॉश नक्की कोण? बॉब मार्लीच्या ग्रुपमधला एक जण, एवढंच ऐकलंय.

बहुतेकांची ओळख इथेच थांबते आणि मला त्याचंच वाईट वाटतं. द वेलर्स हा जमैकातला रेगे ग्रुप मुख्यतः तिघांचा होता, बॉब मार्ली, बनी वेलर आणि पीटर टॉश. तिघंही गायचे, तिघंही गाणी लिहायचे. त्यात टॉश हा सगळ्यात उंच, सगळ्यात जाड आवाजाचा आणि वाद्यांवर सगळ्यात पक्का हात असलेला. १९७४ पासून तो स्वतंत्र झाला आणि पुढच्या तेरा वर्षांत त्याने सात स्टुडिओ अल्बम केले. त्याचं म्हणणं सरळ होतं, आधी न्याय द्या, मग शांततेचं बोला. हे म्हणणं त्याने स्टेजवर, रेकॉर्डवर, पंतप्रधानांसमोर कुठेच बदललं नाही आणि त्याची किंमतही मोजली (प्रश्न ९ आणि १०).

२. त्याचं खरं नाव काय? मूळचा कुठला?

विन्स्टन ह्युबर्ट मॅकिंटॉश. त्यातल्या 'मॅकिंटॉश'चं झालं टॉश. सुरुवातीच्या काही रेकॉर्डवर तर 'पीटर टच' असं छापलेलं दिसतं, तो हाच. जन्म १९ ऑक्टोबर १९४४, जमैकाच्या पश्चिम टोकाला वेस्टमोरलंड नावाचा भाग आहे तिथे, ग्रेंज हिलला. हा सगळा उसाचा आणि समुद्रकाठचा भाग. वडील सोबत नव्हते, त्याला मावशीने वाढवलं. चर्चमध्ये गायला लागला, तिथेच सूर पक्के झाले. पंधरा-सोळाव्या वर्षी किंग्स्टनला आला आणि ट्रेंचटाउनमध्ये राहायला लागला, म्हणजे शहरातली अगदी गरीब वस्ती, सरकारी चाळी, सामाईक अंगण, सामाईक नळ.

गिटार कशी शिकला याची एक गोष्ट तो स्वतः सांगायचा. गावाकडे एक माणूस गिटारवर एक गाणं वाजवत बसला होता, ते ऐकून हा तिथेच खिळला. जवळजवळ अर्धा दिवस नुसता त्या माणसाच्या बोटांकडे बघत बसला, मग गिटार हातात घेतली आणि तेच गाणं वाजवून दाखवलं. त्या माणसाने विचारलं, तुला कोणी शिकवलं रे? हा म्हणाला, तुम्हीच की.

३. रेगे आणि रूट्स रेगे यात फरक काय?

थोडक्यात सांगतो. १९६२ ला जमैका स्वतंत्र झाला त्या काळात तिथे स्का वाजायचं, जलद, नाचायला भाग पाडणारं. १९६६ च्या आसपास ती चाल मंदावली त्याला रॉकस्टेडी म्हणतात आणि १९६८ पासून जे आलं ते रेगे. ऐकताना ओळखायचं कसं, तर गिटारचा छोटा तुटक फटका ठेक्याच्या मधल्या जागेत पडतो, आपण जिथे टाळी देऊ तिथे नाही, आणि ड्रमचा मोठा ठोका तिसऱ्या मात्रेवर येतो, पहिली मात्रा बऱ्याचदा रिकामीच सोडलेली असते. बेस मात्र पूर्ण गाणं खांद्यावर घेऊन चालतो.

रूट्स रेगे म्हणजे याच संगीतातला सत्तरच्या दशकातला प्रवाह, ज्यात विषय बदलले. गुलामगिरीचा इतिहास, आफ्रिका, गरिबी, पोलिस, आणि रास्ताफारी श्रद्धा. इथिओपियाचा सम्राट हैले सेलासी याला देवाचं रूप मानणारे, मार्कस गार्वी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या जमैकन नेत्याच्या विचारातून उभे राहिलेले हे लोक, जमैकातल्या प्रतिष्ठित समाजाने त्यांना बरीच वर्षं हाकलूनच लावलं होतं. टॉश हा या प्रवाहातला मधोमध उभा असलेला माणूस.

४. बॉबला गिटार टॉशने शिकवली हे खरं आहे का?

टॉश तसं सांगायचा आणि ते पटण्यासारखं आहे, कारण ते भेटले तेव्हा तिघांत वाद्य नीट येणारा तोच होता. पण एक नाव यात सारखं गाळलं जातं ते म्हणजे जो हिग्ज. ट्रेंचटाउनमध्ये आपल्या अंगणात हा माणूस पोरांना फुकट गाणं शिकवायचा, तीन आवाज एकमेकांत कसे बसवायचे, श्वास कुठे घ्यायचा, सगळं. वेलर्स तिथे घडले. १९६३ मध्ये ग्रुप झाला, कॉक्सन डॉडच्या स्टुडिओ वनमध्ये गाणी केली आणि १९६४ च्या सुरुवातीला 'सिमर डाउन' जमैकात पहिल्या नंबरवर गेलं.

ग्रुपमध्ये टॉश खालचा आवाज लावायचा, गिटार आणि कीबोर्ड वाजवायचा. पुढे १९७० च्या आसपास ली पेरी या निर्मात्याबरोबर केलेली गाणी ऐका, '४०० इयर्स' टॉशचं आहे, चारशे वर्षांच्या गुलामीवरचं. तेव्हा तो पंचविशीत होता आणि आवाज ऐकून वाटतं साठीतला माणूस बोलतोय.

५. 'गेट अप, स्टँड अप' तर बॉबचं गाणं आहे ना?

दोघांचं. लिहिलंय बॉब आणि पीटरने मिळून आणि वेलर्सच्या १९७३ च्या 'बर्निन' अल्बममध्ये दोघंही गायलेत. त्यातलं जे कडवं परलोकातल्या स्वर्गाच्या आश्वासनाला वैतागलेलं आहे, आम्ही आता तुमचे खेळ ओळखलेत असं म्हणणारं, ते टॉशच्या आवाजात आहे. त्याने १९७७ मध्ये हेच गाणं स्वतःच्या 'इक्वल राइट्स' या अल्बमसाठी परत केलं. दोन्ही लागोपाठ ऐका. पहिल्यात तीन मित्र एकमेकांना उठवतायत आणि दुसऱ्यात एकटा माणूस समोरच्याला जाब विचारतोय, हा फरक मला तरी पहिल्या मिनिटात जाणवतो.

६. मग वेलर्स का फुटले? भांडण झालं का बॉबशी?

एकच एक भांडण दाखवता येणार नाही. १९७२ मध्ये ख्रिस ब्लॅकवेलच्या आयलंड रेकॉर्ड्सशी करार झाला, १९७३ ला 'कॅच अ फायर' आणि 'बर्निन' आले, ग्रुप जमैकाबाहेर पोहोचला. त्याच वेळी कंपनीने हळूहळू बॉबला चेहरा म्हणून पुढे करायला सुरुवात केली. दौरे दमवणारे, पैसे हातात फारसे नाहीत, बनीने इंग्लंडचा दौरा संपल्यावर बाहेर जायलाच नकार दिला. टॉशला स्वतःचा अल्बम हवा होता, ब्लॅकवेल तयार नव्हता. टॉश त्याला उघडपणे 'व्हाइटवर्स्ट' म्हणायचा (ब्लॅकच्या जागी व्हाइट, वेलच्या जागी वर्स्ट), इतका राग होता. १९७४ मध्ये तो बाहेर पडला.

पण नातं संपलं असं समजू नका. त्याच्या पहिल्या अल्बममधलं 'व्हाय मस्ट आय क्राय' बॉबबरोबर लिहिलंय आणि 'टिल युअर वेल रन्स ड्राय' बनीबरोबर. नंतर मुलाखतीत मात्र तो बॉबबद्दल कडू बोलायला लागला, बॉब १९८१ मध्ये गेल्यानंतरही बोलला, आणि ते ऐकताना मला त्रास होतो. तक्रारीत तथ्य होतं, पण ती तक्रार कंपनीशी होती, मित्राच्या अंगावर उगाच पडली.

७. 'लीगलाइज इट' म्हणजे नशेचं समर्थन नाही का? पोरं तेवढंच बघून त्याचे टी-शर्ट घालतात.

टी-शर्टवाल्यांचं राहू दे. रास्ताफारी लोकांसाठी गांजा ही प्रार्थनेतली वस्तू आहे, आणि जमैकात त्याच वस्तूवरून पोलिस गरीब वस्तीतल्या कोणालाही केव्हाही उचलू शकायचे. बड्या घरातला ओढायचा त्याला कोणी हात लावायचं नाही. टॉशच्या गाण्यात म्हणूनच डॉक्टर, नर्स, वकील, न्यायाधीश सगळ्यांची नावं येतात, की ओढतात सगळे, मार खातो कोण? १९७५ मध्ये गाणं आलं तेव्हा जमैकाच्या रेडिओवर बंदी, आणि १९७६ मध्ये त्याच नावाचा अल्बम अमेरिकेत कोलंबिया आणि ब्रिटनमध्ये व्हर्जिन या रेकॉर्ड कंपन्यांनी काढला. कव्हरवर वेस्टमोरलंडच्या गांजाच्या शेतात उकिडवा बसलेला टॉश आहे.

एक स्पष्ट सांगून ठेवतो, गाण्यात दमा आणि क्षयाला गांजा गुणकारी असं म्हटलंय, ते गाणं आहे, औषधाची चिठ्ठी नाही.

आणि हो, भारताशी संबंध काय हेही विचारतात. १८४५ पासून ब्रिटिशांनी भारतातून गिरमिटिया, म्हणजे कराराने बांधलेले, मजूर जमैकाच्या उसाच्या मळ्यांवर नेले, बहुतेक उत्तर भारतातले, आणि गांजा हे रोप आणि हे नावही त्यांच्याबरोबरच तिकडे रुजलं. म्हणून जमैकन गाण्यात आपलाच शब्द कानावर पडतो.

८. मग आता जमैकात गांजा कायदेशीर झाला का? आणि आपल्याकडे?

पूर्ण कायदेशीर नाही. २०१५ मध्ये तिथला कायदा बदलला. दोन औंस, म्हणजे ५६ ग्रॅमपर्यंत जवळ सापडला तर आता तो फौजदारी गुन्हा नाही, किरकोळ दंड होतो. घरात पाच रोपांपर्यंत लावता येतात, रास्ताफारींना धार्मिक वापराची मुभा आहे आणि औषधी वापरासाठी परवाने मिळतात. टॉशच्या गाण्यानंतर चाळीस वर्षांनी.

भारतात १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यात गांजा म्हणजे फुलोऱ्याचा भाग आणि चरस दोन्हीवर बंदी आहे, पानांची भांग त्या व्याख्येत येत नाही, तिचे नियम राज्यांचे. गोव्याला जाऊन 'इथे चालतं' असं समजणाऱ्यांनी हे नीट वाचा, कायदा तिथेही तोच आहे.

९. वन लव्ह पीस कॉन्सर्टमध्ये त्याने असं काय केलं?

याचं उत्तर लांबेल कारण माझ्या मते टॉश समजायचा असेल तर हीच संध्याकाळ बघायला लागते.

२२ एप्रिल १९७८, किंग्स्टनचं नॅशनल स्टेडियम. त्याआधीची काही वर्षं जमैकात दोन पक्षांच्या टोळ्या एकमेकांची माणसं मारत होत्या, एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत जायचं तर जीव मुठीत धरून. त्याच टोळ्यांच्या दोन म्होरक्यांनी, क्लॉडी मॅसप आणि बकी मार्शल यांनी, तह केला आणि शांततेसाठी कॉन्सर्ट ठरवली. समोरच्या रांगांत पंतप्रधान मायकल मॅनली, विरोधी पक्षनेता एडवर्ड सिआगा, पोलिस अधिकारी आणि मागे हजारो लोक. जगाला त्यातला एकच फोटो माहितीये, बॉबने मॅनली आणि सिआगा यांचे हात स्वतःच्या डोक्यावर एकत्र धरलेले.

टॉश त्याच्या आधी स्टेजवर आला होता. गाण्यांच्या मध्ये थांबून तो बोलायला लागला, जमैकन बोलीत, नेत्यांची नावं घेऊन. गरीब माणसाला पोलिस कसे वागवतात, व्यवस्था कोणाची आहे, नुसती शांतता मागून काय मिळणार? शांतता म्हणजे स्मशानात मिळणारा डिप्लोमा, असं तो म्हणायचा, कारण 'रेस्ट इन पीस' थडग्यावरच लिहिलेलं असतं. आणि बोलता बोलता सगळ्या पोलिसांसमोर गांजाची विडी पेटवली.

लोक विचारतात, बॉब बरोबर की पीटर? बॉबने त्या रात्री जे केलं त्यालाही धाडस लागतं. पण तह टिकला नाही. वर्षभरात मॅसप पोलिसांच्या गोळ्यांनी मेला, आणि १९८० च्या निवडणुकीत आधीपेक्षाही भयंकर रक्तपात झाला. टॉश स्टेजवरून जे सांगत होता ते चुकीचं नव्हतं एवढं नक्की.

१०. त्यानंतर पोलिसांनी त्याला खरंच मारलं का, की ही दंतकथा आहे?

खरंच मारलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये किंग्स्टनच्या हाफ वे ट्री भागात त्याला गांजावरून पकडलं, पोलिस चौकीत नेलं आणि अनेकांनी मिळून झोडपलं. डोक्याला टाके पडले, हात मोडला, गिटार वाजवणाऱ्याचा हात. मेल्याचं सोंग घेतलं म्हणून वाचलो, असं त्याने सांगितलंय. कॉन्सर्टमधल्या भाषणाचा हा सूड होता का, तर टॉशला स्वतःला याबद्दल तिळमात्र शंका नव्हती.

११. मिक जॅगर आणि रोलिंग स्टोन्सशी त्याचं काय नातं?

जॅगर म्हणजे रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडचा गायक, तो त्या पीस कॉन्सर्टला हजर होता. १९७८ मध्येच रोलिंग स्टोन्सने टॉशला स्वतःच्या लेबलवर घेतलं, अमेरिकेच्या दौऱ्यात आपल्या आधी गायला लावलं. 'बुश डॉक्टर' अल्बममध्ये जॅगरबरोबरचं 'डोन्ट लुक बॅक' आहे, मूळ टेम्प्टेशन्स या अमेरिकन ग्रुपचं गाणं, आणि स्टोन्सच्याच कीथ रिचर्ड्सने गिटार वाजवलीये. पुढे 'मिस्टिक मॅन' १९७९ आणि 'वाँटेड ड्रेड अँड अलाइव्ह' १९८१. शेवटी पैसे आणि प्रसिद्धी यांवरून बिनसलं.

१२. कुठून ऐकायला सुरुवात करू?

'इक्वल राइट्स', १९७७. आठच गाणी आहेत, एका बैठकीत ऐका, मध्ये फोन बाजूला ठेवा. स्लाय डनबारचे ड्रम आणि रॉबी शेक्सपिअरचा बेस, दोघं जणू एकाच माणसाचे दोन हात असावेत असं वाजवतात. 'डाउनप्रेसर मॅन' म्हणजे जुन्या 'सिनरमॅन' या भक्तिगीताला त्याने दिलेलं नवं रूप, ज्यात पापी माणसाऐवजी पिळवणूक करणाऱ्याला विचारलंय की आता पळून कुठे जाशील. 'अपार्थाइड' तर दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषावर, जेव्हा यावर पॉप गाणी करायची फॅशन अजून यायची होती.

मग 'लीगलाइज इट', जे लोकांना वाटतं त्यापेक्षा कितीतरी हळवं आहे, त्यात 'केची शूबी'सारखं खेळकर गाणंही आहे. नंतर 'मामा आफ्रिका', १९८३, अमेरिकन रॉक अँड रोल गायक चक बेरीच्या 'जॉनी बी. गुड'ला त्याने जमैकन करून टाकलंय तो अल्बम. लाइव्ह हवं असेल तर 'कॅप्चर्ड लाइव्ह'. मधले काही अल्बम मला जरा गुळगुळीत वाटतात, ते सवडीने ऐका.

१३. ती मशीनगनसारखी गिटार खरी होती का?

हो, एम १६ रायफलच्या आकाराची, १९८३ मध्ये एका चाहत्याने बनवून दिलेली, आणि ती वाजायची. एकचाकी सायकलही चालवायचा, स्टेजवर कराटेच्या पवित्र्यात उभा राहायचा. गिटारसाठी प्रश्न १६ बघा.

१४. १९८३ नंतर तो एकदम गप्प का झाला?

'मामा आफ्रिका'नंतर १९८७ पर्यंत नवा स्टुडिओ अल्बम नाही. त्याच्या रेकॉर्ड वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेत विकल्या जातायत हे त्याला सहन होत नव्हतं आणि तसे करार सोडवण्यात वेळ गेला. आफ्रिकेत जाऊन तिथल्या पारंपरिक वैद्यांनाही भेटत होता. चांगल्या भरात असताना चार वर्षं गेली, आणि शेवटी हातात वेळच उरला नाही.

१५. त्याचा खून राजकीय होता का?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. जे सिद्ध झालंय तेवढंच लिहितो. ११ सप्टेंबर १९८७ ला संध्याकाळी तीन जण किंग्स्टनच्या बार्बिकन भागातल्या त्याच्या घरी शिरले. पुढे होता डेनिस लोबन, त्याच्या ओळखीचा, तुरुंगातून सुटल्यावर टॉशने ज्याला मदत केली होती असा माणूस. घरात पाहुणे होते. पैसे मागितले, टॉश म्हणाला घरात नाहीत, धमक्या आणि मारहाण चालू राहिली, मग गोळीबार. टॉश, त्याचा मित्र विल्टन 'डॉक' ब्राउन आणि रेडिओ निवेदक जेफ 'फ्री आय' डिक्सन असे तिघं गेले. बाकीचे जखमी झाले, त्यात ड्रमर कार्लटन 'सँटा' डेव्हिस होता. टॉश ४२ वर्षांचा होता.

लोबनला १९८८ मध्ये फाशीची शिक्षा झाली, १९९५ मध्ये ती जन्मठेपेत बदलली. बाकी दोघांना कधीच शिक्षा झाली नाही. ही पोकळी राहिल्यामुळे कटाच्या गोष्टी थांबत नाहीत, आणि ज्याला पोलिसांनी एकदा अर्धमेला केलाय त्याच्या बाबतीत लोकांना संशय येणारच. पण कोर्टात सिद्ध झालेला तो दरोडा आणि खून आहे, मी त्यापुढे जात नाही.

१६. त्याला काही सन्मान मिळाले का?

जवळजवळ सगळे मेल्यानंतर. 'नो न्यूक्लिअर वॉर' या शेवटच्या अल्बमला १९८८ मध्ये सर्वोत्कृष्ट रेगे रेकॉर्डिंगचं ग्रॅमी. जमैका सरकारने २०१२ मध्ये 'ऑर्डर ऑफ मेरिट' दिलं. १९ ऑक्टोबर २०१६ ला, त्याच्या वाढदिवशी, किंग्स्टनच्या ट्रॅफल्गार रोडवर पीटर टॉश म्युझियम सुरू झालं, तिथे ती एम १६ गिटार आणि एकचाकी सायकल आहे. समाधी वेस्टमोरलंडमध्ये बेलमाँटला, समुद्राजवळच्या रस्त्याला लागून.

१७. त्याच्या कुटुंबातलं कोणी गातं का?

मुलगा अँड्र्यू टॉश गातो, आवाज इतका वडिलांसारखा की दचकायला होतं. नातू ड्रे टॉशही गायक आहे. वारसा सांभाळायचं काम मुलगी नियांबे मॅकिंटॉश बघते.

आणि एक मुलगा जवारा मॅकिंटॉश, तोही संगीतकार, वडिलांसारखाच गांजाच्या कायद्याविरुद्ध बोलणारा. त्याला अमेरिकेत, न्यू जर्सीत, गांजाच्याच प्रकरणात शिक्षा झाली, फेब्रुवारी २०१७ मध्ये तुरुंगात दुसऱ्या कैद्याने मारहाण केली, मेंदूला इजा झाली आणि त्यातून तो उठलाच नाही. जुलै २०२० मध्ये गेला. पुढच्याच वर्षी न्यू जर्सीने गांजा कायदेशीर केला. 'लीगलाइज इट' हे जुन्या काळातलं मौजेचं गाणं आहे असं कोणी म्हटलं की मला हे आठवतं, आणि राग येतो.

१८. भारतात रेगे कुठे ऐकायला मिळतं?

गोव्यात २०१६ पासून 'गोवा सनस्प्लॅश' हा रेगे महोत्सव सुरू झाला, दिल्लीच्या रेगे राजाजने काढलेला. बाकी किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये बॉबची तीच पाच-सहा गाणी असतात. टॉश लावायला सांगून बघा.

१९. 'स्टेपिंग रेझर' हे त्याचं टोपणनावच आहे, मग ते गाणं त्याचं नाही असं का म्हणतात?

कारण लिहिलंय जो हिग्जने, प्रश्न ४ मधला तोच गुरू. टॉशने १९७७ मध्ये ते असं काही गायलं की लोक विसरले. मी चालता-फिरता वस्तरा आहे, जपून राहा, असं म्हणणारं गाणं त्याच्या अंगावर बेतून शिवल्यासारखं बसलं, आणि १९९० च्या दशकात त्याच्यावर आलेल्या माहितीपटालाही हेच नाव दिलं गेलं. असाच घोळ बाकीच्या गाण्यांचा होतो: 'जॉनी बी. गुड' चक बेरीचं, 'डोन्ट लुक बॅक' टेम्प्टेशन्सचं, 'डाउनप्रेसर मॅन' जुन्या भक्तिगीतावरून. 'इक्वल राइट्स', 'लीगलाइज इट', '४०० इयर्स', 'स्टॉप दॅट ट्रेन' ही मात्र त्याचीच, आणि यातली शेवटची दोन बॉबच्या आवाजात शोधत बसू नका, 'कॅच अ फायर' लावा, त्यावर टॉश गातोय.